होडी घेतली खरी, पण ठेवणार कुठे? तुमचे अनुभव लिहा

आडवळणी

काल भाच्याचा फोन. "मावशी, दहा फुटी फायबरची होडी मिळतेय, घेऊन टाकू?" राहतो रत्नागिरीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि खाली एक स्कूटर मावेल एवढी जागा. ठेवणार कुठे विचारलं तर म्हणे, बघू नंतर. हे "बघू नंतर" आमच्या घराण्यातच आहे.

आमचं घर दाभोळच्या खाडीपासून पाच मिनिटांवर. बाबा शाळामास्तर, मासे पकडणं हा रविवारचा नाद. १९८६ साली त्यांनी सोळा फुटी लाकडी होडी घेतली. विकणारा म्हणाला होता, गुरुजी, लाटेतसुद्धा हलायची नाही. ती कशानेच हलायची नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आठ माणसं लावून, ओंडक्यांवरून सरकवत वर आणली, तेव्हा लक्षात आलं की बेड्यातून, म्हणजे आवाराच्या दारातून, रुंदीला बसते, पण पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, वळणावर वळत नाही. गडगा पाडावा लागला. आजोबांनी स्वतःच्या हाताने दगड रचून घातलेलं कुंपण ते. आजी बाबांशी आठवडाभर बोलली नाही.

होडी पडवीत गेली ती पाऊण आत, नाळ, म्हणजे पुढचं टोक, बाहेर पावसात. चार महिने पाहुण्यांना मागच्या दाराने घ्यायचो. आईने तिच्यावर फळी टाकून कांदे पसरले. मी दहावीचा अर्धा अभ्यास त्या होडीत बसून केलाय, आणि अजून भूमिती म्हटलं की मला माशाच्या तेलाचा वास येतो.

दोन वर्षांनी विकली आणि अकरा फुटी घेतली. दोन माणसं उचलायची. बाबा म्हणायचे ही हलते फार. पण रविवारी पाण्यात जायची ती हीच.

जागा कमी असताना कोणती घेतलीत, काय फसलं, सगळं लिहा. भाच्याला वाचायला देणार आहे.

चिंबोरी

गडगा पाडला!! आजीची बाजू घेते मी.

शेवंड

मालवण. पहिली गोष्ट, लाकडी घेऊ नको म्हणावं. जागा नसली की माणूस गच्चीवर नाहीतर अंगणात उन्हात टाकतो. लाकूड सुकतं, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. मग दिवाळीनंतर पाण्यात घातली की चाळण. फटींत कापूस भरा, तेल पाजा, दोन दिवस पाण्यात बुडवून फुगू द्या. हा सगळा खटाटोप समुद्रावर राहणाऱ्याला जमतो, दुसऱ्या मजल्यावरच्याला नाही.

आमच्याकडे उलांडीची होडी होती. उलांडी म्हणजे तोल सांभाळायला बाजूला असतो तो ओंडका, आडव्या दांड्यांना नुसता दोरीने बांधलेला, खिळा नाही. सोडला की होडी निम्म्या रुंदीची. दांडे माळ्यावर, ओंडका भिंतीकडेला, होडी माडाखाली पालथी, वर माडाची विणलेली झापं. जुन्या लोकांनी जागेचा विचार करूनच केलं असेल असं नाही, पण सोय झाली खरी.

माझो आजो म्हणायचो, होडी घेवक पैसे लागतत, ठेवक शेजारी बरो लागता.

मांदेली

दाभोळला बोय मासळी अजून मिळते का हो खाडीत? आमच्या लहानपणी टोपलीभर यायची. थीमवर काही नाही माझ्याकडे, सॉरी, डोंबिवलीत राहते.

जर्सीतला

न्यू जर्सी. टाऊनहाऊस, एका गाडीचं गॅरेज. सोसायटीचा नियम असा की ड्राइव्हवेत बोट दिसली की पत्र येतं. मी १४ फुटी ॲल्युमिनियमची सेकंडहँड घेतली. घ्यायच्या आधी गॅरेज मोजलं, १८ फूट. बोट १४. चार फूट शिल्लक, मज्जा.

ट्रेलरचा पुढचा दांडा कोण मोजणार? मागे मोटर लटकते ती कोण मोजणार? सगळं मिळून साडेसतरा. आणि गॅरेजमध्ये मागच्या भिंतीला पाणी तापवायची टाकी. शटर बोटीवर टेकून राहिलं. तीन रात्री ते ताडपत्रीने झाकून झोपलो, चौथ्या दिवशी पत्र.

आता १० फुटी सपाट तळाची आहे, जॉन बोट म्हणतात. ४५ किलोच्या आत. चार कप्प्या लावून छताला टांगली. खाली गाडी. बायको गाडीत बसताना रोज वर बघते आणि मग माझ्याकडे.

अजून एक, इथे मोटर लावली, मग विजेची का असेना, की नोंदणी आली. एवढ्या लहान होडीला नुसतं वल्हं असेल तर ती भानगड नाही.

चिंबोरी

@जर्सीतला, वहिनींना माझा नमस्कार सांगा. आजी आणि त्या एका पार्टीत.

नदीकाठ

सांगलीकडचा मी. आमच्याकडे होडी नसतेच, काहील असते. गुऱ्हाळाची हो, गूळ करायची. २०१९च्या महापुरात आमच्या गल्लीत दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी काहिलीतून बाहेर काढली. गोल गोल फिरते, वल्हं मारणाऱ्याला कळत नाही कुठे चाललोय. पण पाणी उतरलं की भिंतीला उभी टेकवायची, संपलं. जागेचा प्रश्नच नाही. त्यात बसून गळ टाकायचा प्रयत्न केला होता, मासा लागला की मासाच आपल्याला फिरवतो.

उजनीवर ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळी टाकणारे पाहिलेत. हवा सोडली की खुंटीला टांगता येते. भाच्याला झेपेलसं वाटत नाही.

पाटलीण

ठेवाल तिथे पालथी ठेवा एवढंच सांगते. आमच्या ह्यांनी सरळ ठेवली, पावसात भरली, आरोग्यवाली बाई आली आणि टॉर्च मारून अळ्या दाखवल्या. अख्ख्या आळीसमोर. पालथी ठेवली तर कोंबड्या खाली अंडी घालतात, पण ते चालतं.

मुळशीकर

पुणे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणून हवेची घेतली. पीव्हीसी, गुंडाळून बॅगेत, १८ किलो, पलंगाखाली. जगातला सर्वात हुशार माणूस मी असं वाटलं होतं.

तर:
धरणावरून आल्यावर ती वाळवावी लागते. पूर्ण. ओली गुंडाळली की आठवड्यात काळी बुरशी आणि वास. म्हणजे ठेवायला जागा लागत नाही, वाळवायला दहा फूट लागतात. हॉलमध्ये सोफा उभा करून, पंखा पाचवर. रविवार संध्याकाळी पाहुणे आले तर ते होडीच्या पलीकडे.

दुसरं, शिंगटा मासा. गळाला लागला, मी हौसेने होडीत घेतला, त्याने काटा मारला. कप्पे वेगवेगळे असतात म्हणून बुडालो नाही, पण अर्धी होडी चपाती. काठावरचे गुराखी हसत होते ते अजून आठवतं.

आणि पंक्चर काढण्याचा डिंक मे महिन्यात बाटलीत सुकतो.

ता.क. कोणत्याही धरणावर उठून गळ टाकू नका. बऱ्याच ठिकाणी मासेमारीचा ठेका दिलेला असतो, आधी तिथल्यांना विचारा.

वेसावकरीण

आमची होरी खाडीतच नांगरलेली, घरात कोण आणतंय. पण पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बंदी लागते, तेव्हा जाळी, दोर, बोयरे म्हणजे जाळ्याचे तरंगे, सगळं घरात. होडीपेक्षा सामान जास्त जागा खातं हे कोणीच लिहिलं नाही वर!! माझं लग्न झालं तेव्हा पलंगाखाली होडीचं मशीन होतं. रॉकेलचा वास. माहेरचं असल्यासारखं वाटलं.

मशीन घेणार असेल तर सांग त्याला, फोर स्ट्रोक कसंही आडवं टाकायचं नाही. कोणत्या बाजूवर निजवायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. उलट्या बाजूवर ठेवलं तर ऑइल सिलिंडरमध्ये जातं आणि मग दोरी ओढून खांदा निखळतो. दिराने केलंय. आणि टाकीत पेट्रोल ठेवून गॅसच्या शेगडीच्या खोलीत नको रे बाबा.

मांदेली

वेसावकरीण ताई, सुके बोंबील यंदा कसे? पाठवता का डोंबिवलीला?

वेसावकरीण

स्टेशनला या, देते :)

सुपारीवाला

सगळे हलकी घ्या हलकी घ्या म्हणतायत म्हणून लिहितोय. श्रीवर्धन. आमची आठ फुटी फायबर, मी एकटा उचलायचो. विहिरीमागे पालथी असायची. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुपारी दार लावून बसलो होतो, बागेतल्या सुपाऱ्या मोडायचा आवाज येत होता, सलग, फटाक्यांसारखा. संध्याकाळी बाहेर आलो तर बाग आडवी, आणि होडी नाही. दोन घरं सोडून गोठ्याच्या छपरावर मिळाली. मधून चिरलेली.

बाग परत लावली, त्याला वेळ लागेल. होडी नवीन घेतली नाही अजून. घेईन तेव्हा जमिनीत लोखंडी कडी आधी गाडणार.

शेवंड

@सुपारीवाला वाईट वाटलं. चीर फक्त मधे असेल तर काचतंतूंची चटई आणि रेझिन लावून होते दुरुस्त, टाकून देऊ नका. आणि फायबर दगडांवर ठेवू नये, जुन्या टायरवर ठेवावी, एका जागी भार येऊन तडा जातो.

सुपारीवाला

आहे अजून. त्यात हळद लावलीय बायकोने.

आडवळणी

किती लिहिलंत सगळ्यांनी! सुपारीवाले, तुमचं वाचून थांबले जरा.

भाच्याला सगळं पाठवलं. त्याने सुतळी घेऊन जिना मोजला म्हणे. दहा फुटी वळत नाही. (मांदेली, बोय मिळते, पण सकाळी सातच्या आत धक्क्यावर असाल तर.)

आत्ताच त्याचा मेसेज आला: "मावशी, आजोळची पडवी रिकामीच आहे ना?"

चिंबोरी

गडगा सांभाळा.