इंडक्शनवर आईचा हात बसत नाहीये – मदत हवी आहे

आम्ही अमळनेरचे. मी नोकरीला पुण्यात, आई (वय ६८) गावीच. दिवाळीत तिला इंडक्शन शेगडी घेऊन दिली, म्हटलं सिलिंडरची कटकट वाचेल. आता रोज सकाळी फोन: "हाई परत टीं टीं करी ऱ्हायनी!"

पहिला घोळ भांड्यांचा. घरातली निम्मी पातेली जर्मनची (ॲल्युमिनियमची), ती ठेवली की शेगडी शिट्ट्या मारून बंद. दुकानदाराने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग लोहचुंबक लावून भांडी निवडली, तर स्टीलची दोन नवीकोरी पातेलीही बाद झाली.

पण खरी अडचण पुढची. फोडणीला जाळ मोठा, शेवभाजीला तर्री सुटायला बारीक, हे आई ज्योत बघून करते. इथे नुसते आकडे: १२००, १६००, २०००. शिवाय इंग्रजीतली डोसा, करी वगैरे बटणं. वरणाला कुठलं दाबायचं? ओल्या बोटाने तर बटण लागतच नाही. "इस्तो दिखस नई, मंग माले कसं समजी?" (विस्तवच दिसत नाही, मग मला कसं कळणार?) असं ती म्हणाली, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

वयाचं कारण कृपया सांगू नका. भाजीवाल्याला ती यूपीआयनेच पैसे देते. तुमच्याकडे कुणी शिकवलंय का, कसं?

प्रतिसाद (चोपडेकर):
आमच्या सासूबाईंचंही हेच झालं होतं. गॅसवर जाळ आधी, भांडं नंतर तापतं. इथे काचेखालच्या तारेच्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र भांड्याचं बूडच तापवतं, म्हणून पातळ बुडाच्या कढल्यात मोहरी डोळ्यादेखत जळते. जाड बुडाचं भांडं घ्या. डोसा-बिसा विसरा, चित्रांवर चिकटपट्टी लावून टाका. फक्त चालू-बंदचं आणि वॅट कमी-जास्त करायची दोन बटणं उघडी ठेवा. मग १ लिटर पाणी ठेवून दाखवा: १६०० वर चारेक मिनिटांत उकळतं, १२०० वर जास्त वेळ लागतो. ज्योतीऐवजी बुडबुडे बघायचे, एवढंच आम्ही शिकवलं. आठवडा गेला. आणि हो, बंद केल्यावर पंखा फिरत राहतो, तो थांबेपर्यंत प्लग काढू देऊ नका.

धागाकर्ता:
चिकटपट्टी आजच लावायला सांगतो. आईचा एक प्रश्न आहे, भरिताची वांगी कशी भाजायची?

चोपडेकर:
ती पळाट्यांवरच (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर), नाहीतर गॅसच्या जाळावर. सिलिंडर परत करू नका.