प्रति: ‘बेल कांटो’ फारच गोड?
ओलीस आणि बंडखोर इतके एकमेकांत मिसळतात हे ॲन पॅचेटच्या ‘बेल कांटो’ या कादंबरीत अतीच गोड झालंय, असं वर कुणी म्हटलंय. गोड आहेच, पण अगदी हवेतलं नाही. पॅचेटला ही गोष्ट सुचली ती पेरू देशातल्या लिमात घडलेल्या खऱ्या ओलीसनाट्यावरून, आणि तिथे जपानी राजदूताच्या घरात बंडखोर खरोखरच फुटबॉल खेळायचे. कादंबरीतली ऑपेरा गायिका मात्र तिथे नव्हती. संगीत होतं ते बाहेर, लष्कराच्या कर्ण्यांवर, तेही भुयार खणल्याचा आवाज आत जाऊ नये म्हणून! २२ एप्रिल १९९७ ला फुटबॉलचा खेळ रंगात असतानाच लष्कराने त्या भुयारातून खालून स्फोट केले. १४ च्या १४ बंडखोर मेले, ७२ ओलिसांपैकी एक दगावला.

कादंबरीच्या उपसंहारातलं ते लग्न मात्र मलाही अजिबात पटलेलं नाही.