मदत हवी आहे : बाबांनी औषधाच्या चाचणीत भाग घ्यावा का?

बाबा ६८ वर्षांचे, पार्किन्सन्सला नऊ वर्षं झाली. डॉक्टरांनी नव्या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीबद्दल विचारलंय. संमतीपत्र मराठीतच आहे, पण वीसेक पानं वाचून डोकं भणभणतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार नि भरपाई मिळते, कधीही बाहेर पडता येतं, एवढं कळलं. सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणीही सापडली.

बाबा म्हणतात, “मला नाही तर पुढच्यांना तरी उपयोग होईल.” आई मात्र सारखी रडते.

कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? प्लासिबो गटात (ज्यांना खऱ्या औषधाऐवजी तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देतात) गेले तर चालू गोळ्या बंद करतात का? आणि औषध लागू पडलं, तर चाचणी संपल्यावर ते मिळत राहतं का? हे दुसरं मला जास्त छळतंय. सोमवारी उत्तर द्यायचंय.