मुंबईचा इतिहास इमारती बघत समजून घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?

आईबाबा गावाहून येतायत, रविवारी फोर्टात फिरवायचंय. नुसते फोटो नकोत, कोणी का बांधलं तेही कळायला हवं.

भटक्या: सरळ ओव्हल मैदानात जा. मधे उभं राहून पूर्वेला बघितलं की हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, सगळं १८७०च्या दशकातलं गॉथिक (टोकदार कमानी, उंच मनोरे असलेली शैली), आणि पश्चिमेला वळलं की १९३०च्या आसपासच्या आर्ट डेको (सरळ रेषा, गोलसर कोपरे असलेली शैली) बिल्डिंगा, त्या समुद्रात भराव टाकून काढलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. २०१८ पासून हे सगळं मिळून जागतिक वारसा.

कापूसवाला: युनिव्हर्सिटीतल्या राजाबाई टॉवरची, त्या घड्याळाच्या मनोऱ्याची, गोष्ट त्यांना नक्की सांगा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्यात कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद गब्बर झाले, त्यांनी टॉवरला पैसे दिले आणि नाव आईचं लागलं. मला तर अख्ख्या फोर्टात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

लोकलकर: सीएसएमटी स्टेशन शेवटी ठेवा. गेटच्या एका खांबावर सिंह म्हणजे ब्रिटन, दुसऱ्यावर वाघ म्हणजे भारत. भिंतींवरचं कोरीवकाम जेजे कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलंय, रोज लाखो लोक खालून पळतात, मान वर करून बघत कोणी नाही. सकाळी लवकर निघा, ऊन फार लागतं.