‘ताण’ आणि ‘ताणलेलं’: थरारपटाच्या सुरुवातीसाठी नेमका शब्द कोणता?

प्रश्न : थरारपटाच्या पहिल्या प्रसंगावर मराठीत टिपण लिहिते आहे. ‘प्रसंगात ताण आहे’ म्हटलं की कौतुक होतं, ‘प्रसंग ताणलाय’ म्हटलं की तक्रार. शब्दाचं मूळ तर एकच! शिवाय उत्कंठा, रहस्य, थरार, धाकधूक हे शब्द आहेतच. कुठला कुठे वापरावा? इथे पुण्यात सेटवर सरसकट ‘टेन्शन’ म्हणतात, त्यातून काहीच कळत नाही.

संकलक : आधी एवढंच बघा, की प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत आहे की कमी. कमी असेल तर ‘रहस्य’. जास्त असेल तर ‘उत्कंठा’. आणि दोघांनाही काही माहीत नसताना एकदम काही घडलं, तर तो नुसता ‘धक्का’. तो दोन सेकंदांत संपतो.

‘टच ऑफ ईव्हिल’ची (१९५८) सुरुवात घ्या. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवलेला आपण पाहतो, आणि मग तीन मिनिटांहून अधिक काळ कॅमेरा एकही कट न घेता ती गाडी आणि रस्त्यावरची माणसं यांच्या मागेपुढे फिरत राहतो. गाडी गर्दीत अडकते, दिसेनाशी होते, पुन्हा जवळ येते. रहस्य काहीच नाही, सगळी उत्कंठा आहे.

आता ‘ताण’. दोरीला ताण यायला दोन्ही टोकं धरलेली लागतात. एक टोक म्हणजे प्रेक्षकाला पडलेला प्रश्न, दुसरं म्हणजे लांबवलेलं उत्तर. प्रश्नच पडला नसेल आणि शॉट मात्र लांब असेल, तर प्रसंग ‘ताणलेला’. त्यामुळे तुमच्या टिपणात दोन्ही शब्द हवेत.

समजा सदाशिव पेठेतला वाडा आहे. पहिला शॉट दिंडीदरवाजाच्या निघालेल्या कडीचा, तीन सेकंद. दुसरा शॉट वरच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीचा, आठ सेकंद, मागचं दार चित्रचौकटीत ठेवून. इथे काहीही घडत नसलं तरी ताण आहे. कडीचा शॉट काढून टाका; तेच आठ सेकंद कंटाळवाणे होतील. दार मागे धूसर हवं, पण ओळखू यायला हवं. ॲपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचं छिद्र) १.४ वर ठेवलं तर दाराचा नुसता डाग होतो. ४ च्या आसपास दाराची फट दिसते आणि नजर तिथे जात राहते.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे सुरुवातीपासून एकेका सेकंदाचे कट. त्याने घाई जाणवते, भीती नाही. शॉटची लांबी सहा सेकंद, मग पाच, मग साडेतीन अशी उतरत आणा, आणि दार उघडण्याच्या ऐन आधी पुन्हा एक लांब शॉट ठेवा. लय पकडलेला प्रेक्षक तिथे कटची वाट बघतो, आणि तो येत नाही.

ध्वनिसंयोजक : यात आवाजाची भर घालतो. जिन्याची पायरी करकरते तेव्हा जिना दाखवू नका. तो आवाज मुलीच्या चेहऱ्यावर येऊ द्या, तिची मान मात्र लगेच वळू नये. दहाबारा फ्रेम, म्हणजे साधारण अर्धा सेकंद जाऊ दे.

शांतता हवी म्हणून ट्रॅक पूर्ण कोरा करणं हा मोठा घोटाळा. थिएटरमध्ये लोकांना वाटतं आवाज बंद पडला. त्यासाठीच शूटिंगच्या वेळी रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवायचा. मग पंखा, रस्त्यावरच्या रिक्षा, शेजारचा टीव्ही असे थर दहापंधरा सेकंदांत एकेक करून उतरवायचे आणि खाली खोलीचा आवाज राहू द्यायचा. कमी झालेलं कोणाच्या लक्षात येत नाही, अंग मात्र आखडतं. घुमणारा खर्ज ५० हर्ट्झच्या खाली ठेवलात तर मोबाइलवर तो ऐकूच येणार नाही. त्याच्या जोडीला २०० च्या आसपासचा एक थर द्या.

संगीत सगळ्यांत शेवटी. वर उल्लेख आलेल्या चित्रपटाची १९९८ मध्ये त्याचे दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या टिपणानुसार नवी आवृत्ती झाली, तेव्हा त्या पहिल्या शॉटवरची श्रेयनामावली आणि शीर्षकसंगीत काढलं गेलं. राहिले ते रस्त्यावरचे आवाज आणि गाण्यांचे तुकडे. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकाच.

प्रश्न : मग ‘धाकधूक’ आणि ‘थरार’?

संकलक : धाकधूक पात्राला लिहा, पण त्याला धोका जाणवत असेल तरच. पडद्यावरच्या मुलीला काहीच माहीत नसेल तर तिला धाकधूक कसली? ती प्रेक्षकाची. थरार म्हणजे अंगावर उठणारा परिणाम. पाठलाग, उडी, झटापट यांना शोभतो. दबा धरलेल्या सुरुवातीला ‘थरारक’ म्हणू नका, वाचक मारामारीची अपेक्षा करतो.

आणि ‘जीव टांगणीला लागतो’ विसरू नका. उत्तर लांबवलं आहे हे त्या शब्दांतच आहे. ‘कडीच्या शॉटनंतर जीव टांगणीला लागतो, तो दार उघडेपर्यंत’ असं लिहिलंत तर ताण कुठे सुरू होतो आणि कुठे सुटतो, दोन्ही एका वाक्यात येतं.