‘गेला तो मुळात आपला नव्हताच’ हे वाक्य आता पुरे

सांजवात
परवा या चर्चेच्या पानावर ख्रिस्ती विश्वास सोडणाऱ्यांबद्दल कुणीतरी लिहिलं : ‘विश्वास सोडून गेला तो मुळात आपला नव्हताच. खऱ्या विश्वासणाऱ्याचं पतन होत नाही, मग भीती कशाला घालता?’ दोन ओळींत विषय मिटला! मला हे गप्प बसून वाचवत नाही.

बायबलमधलं इब्री लोकांस पत्र, ६:४-६ उघडा. प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दानाची रुची घेतलेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले, देवाच्या सुवचनाची आणि येणाऱ्या युगाच्या सामर्थ्याची गोडी चाखलेले. नावापुरत्या ख्रिस्ती माणसाचं वर्णन असं कोण करतं? काही भाषांतरांत पुढे ‘जर ते पतित झाले तर’ असं येतं, पण तो ‘जर’ ग्रीकमध्ये नाही. पाचही धातुसाधितं (क्रियापदांपासून बनलेली विशेषणं) एकाच माळेत ओवलेली आहेत आणि पाचवं आहे ‘पतन पावलेले’. माळेतले चार मणी खरे आणि पाचवा काल्पनिक, हे चालणार नाही.

निळी शाई
आणि योहान १०:२८ चं काय करायचं? येशू म्हणतो, ‘त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकून घेणार नाही.’ १ योहान २:१९ तर थेट सांगतं, ते आपले असते तर आपल्याबरोबर राहिले असते. तुम्ही इब्री ६:६ वर थांबलात. तीनच ओळी पुढे, ६:९ मध्ये, लेखक ‘प्रियजनहो’ म्हणून हाक मारतो आणि तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे, असं म्हणतो. ती ओळ का गाळली?

सांजवात
गाळली नाही. खात्री आहे म्हणून इशारा खोटा ठरत नाही. आणि १ योहान २:१९ एका विशिष्ट गटाबद्दल आहे, येशू हा ख्रिस्त आहे हे नाकारून बाहेर पडलेल्यांबद्दल (२:२२ पाहा). ते वाक्य उचलून प्रत्येक गळालेल्या माणसाच्या कपाळावर चिकटवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

दगडी पायरी
दोघंही एकाच बाजूने दार बघताय, माणूस बाहेर जातानाच्या. परत येणाऱ्याचं काय? इब्री ६ म्हणतं, पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. याच ‘अशक्य’ शब्दाने शतकानुशतकं परतणाऱ्यांना उंबऱ्यावर अडवलं गेलं.

इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने सगळ्यांना देवांना बळी अर्पण करायला लावलं आणि त्याचा दाखला घ्यायला लावला. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. पपायरसचा एवढासा तुकडा आणि ठरलेला मजकूर : मी देवांना नेहमीच अर्पण करत आलो, आताही तुमच्यासमोर पेयार्पण केलं, बळी दिला, नैवेद्य चाखला, कृपया तशी सही द्यावी. खाली अधिकाऱ्यांची साक्ष आणि तारीख. काहींनी खरोखर बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, काहींनी पैसे चारून बळी न देताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसं रडत मंडळीच्या (चर्चच्या) दारात आली.

रोममध्ये नोवेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना मंडळीत परत घेता येणार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने २५१ मध्ये प्रकरणागणिक निवाडा केला : दाखला विकत घेणाऱ्यांना चौकशी करून परत घ्यायचं, बळी देणाऱ्यांना मृत्युशय्येवर. पुढे नव्या छळाची चाहूल लागताच पश्चात्ताप करणाऱ्या सगळ्यांनाच सामावून घेतलं, कारण प्रभुभोजनावाचून (भाकर-द्राक्षारसाच्या विधीवाचून) त्यांना झुंजीत कसं लोटायचं?

निळी शाई
विषय पतनाचा होता. तुम्ही इतिहासाचा तास सुरू केलात.

दगडी पायरी
तास नाही, हाच विषय आहे! ३२५ च्या निकाया परिषदेचा, म्हणजे बिशपांच्या सभेचा, अकरावा नियम वाचा. कसलीही बळजबरी नसताना विश्वास सोडलेल्यांसाठी प्रायश्चित्ताच्या पायऱ्या होत्या : तीन वर्षं श्रोत्यांमध्ये, सात वर्षं दंडवत घालणाऱ्यांमध्ये, दोन वर्षं प्रार्थनेत सहभाग पण प्रभुभोजन नाही. बारा वर्षं! लांब वाटतात ना? पण त्या वाटेला शेवट होता. मरणासन्नाला तर प्रभुभोजन नाकारायचं नाही, असं तेरावा नियम बजावतो. ‘तो आपला नव्हताच’ म्हणणाऱ्यांनी एवढीसुद्धा वाट ठेवलेली नाही.

सांजवात
मग इब्रीमधलं ‘अशक्य’ पुसून टाकू का? थोरलेपणाचा हक्क विकणाऱ्या एसावाला अश्रू गाळूनही संधी मिळाली नाही, इब्री १२:१७.

दगडी पायरी
शब्द नीट बघा. त्याने अश्रू गाळून काय शोधलं, पश्चात्ताप की आशीर्वाद? तिथलं सर्वनाम स्त्रीलिंगी आहे आणि ग्रीकमध्ये दोन्ही नामं स्त्रीलिंगीच. उत्पत्ती २७ मध्ये तो आशीर्वादासाठी रडतो. आणि ६:६ मध्ये ‘पुन्हा वधस्तंभी खिळत’ हे वर्तमानकाळी रूप आहे. हातात हातोडा असेपर्यंत पश्चात्ताप अशक्य, असंही ते वाचता येतं.

सांजवात
वाचता येतं, एवढंच. व्याकरणाने सक्ती होत नाही. पण हो, परतणाऱ्याला अडवायला हे वचन वापरणं चूक आहे, हे मान्य करावं लागतं.

निळी शाई
मग माझंही ऐका. ‘भीती कशाला घालता’ ही आमची शिकवण नव्हेच. आमच्या रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंट) परंपरेच्या डॉर्ट परिषदेने (१६१८-१९) पाचव्या विभागात दावीद आणि पेत्राचं पतन नावानिशी लिहिलंय. चौदावं कलम सांगतं की देव आपल्या लोकांना राखतो तो वचन, बोध, धमक्या, अभिवचनं आणि संस्कार यांच्याद्वारे. इशारा काढून घेतलात तर राखण्याचं साधनच काढून घेतलंत. मूळ पोस्टवाल्याने डॉर्टचं अर्धंच वाक्य उचललंय. त्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला. फक्त त्या मुद्द्यावर.

ओली माती
सगळा वाद शेवटच्या पायरीवर चाललाय. इब्री २:१ मध्ये शब्द ‘वाहवत जाणे’ आहे. उडी मारणं नाही, दोर सुटलेल्या होडीसारखं सरकणं. देमास बघा. फिलेमोन २४ मध्ये तो प्रेषित पौलाचा सहकारी, लूकच्या बरोबरीने. कलस्सै ४:१४ मध्ये लूक ‘प्रिय वैद्य’, देमासचं नुसतं नाव. २ तीमथ्य ४:१० मध्ये ‘ऐहिक सुखाची आवड धरून मला सोडून थेस्सलनीकास गेला’. मध्ये कुठे भांडण नाही, पाखंडी मत नाही.

क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी एकांतातली प्रार्थना सुटते, ती कुणाला दिसत नाही. मग पापकबुली. मग प्रभुभोजनाच्या दिवशी नेमकी अडचण. उपासना सगळ्यात शेवटी सुटते आणि मंडळी तिथे जागी होते. वर पहिला निरोप जातो, ‘दिसला नाहीत बरेच दिवस’. ऐकणाऱ्याला ती हजेरीची चौकशी वाटते, तो आणखी लांब जातो. इब्री ३:१३ ‘दररोज एकमेकांना बोध करा’ म्हणतं, तिमाही भेटीचं सांगत नाही. सलग दोन रविवार कुणी दिसला नाही तर त्याच आठवड्यात, एकाच माणसाने, घरी जावं. हजेरीबद्दल विचारू नये, त्याच्यासोबत बसून प्रार्थना करावी.

निळी शाई
आणि त्याने दारच उघडलं नाही तर?

ओली माती
लूक २२:३२. पेत्राने येशूला नाकारण्याआधीच येशूने त्याच्यासाठी विनंती केली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं.