आभासी फील्ड ट्रिप: आधी बघू द्या, मग सांगा

धागाकर्ती:
मी एमएस्सीला भूशास्त्र शिकते. मागच्या सत्रात लोणारला जायच्या आधी आम्हाला त्याची आभासी सफर दिली होती. ३६० अंशांतले फोटो, ड्रोनने टिपलेलं त्रिमितीय मॉडेल, सगळं देखणं. पण प्रत्येक थरावर बाण आणि पाटी. वाचलं, वहीत उतरवलं, पुढे गेलो. सगळ्यांच्या वह्या शब्दाला शब्द सारख्या निघाल्या.

सह्याद्रीत लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असतात. डिप, म्हणजे थराचा कल, मोजायला क्लायनोमीटर (कोन मोजायचं साधन) लावावा तर हाती फारसं काही लागत नाही. लोणारचं विवर सुमारे १.८ किमी व्यासाचं, आणि त्याच्या काठावर तेच बेसॉल्टचे थर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले. हे मला आधी खटकायला हवं होतं. 'इथेच का?' असं मनात यायच्या आत पाटीने सांगून टाकलं की उल्कापातामुळे.

म्हणून पाट्या शेवटी उघडाव्यात. कुठे थांबायचं ते मी ठरवेन, थराची सीमा मी आखेन, चुकेन. मग शिक्षकांची रेघ माझ्या रेघेवर ठेवून दाखवा.

फील्डवाले सर:
पाट्या काढल्या तरी पडद्यावर दगड फुटत नाही. उघड्यावरचा बेसॉल्ट बाहेरून तपकिरी, खपल्या धरलेला असतो. हातोडी मारली की आतला काळा, ताजा दगड दिसतो. लाव्हाच्या दोन प्रवाहांमधला रेड बोल, म्हणजे लाल मातकट थर, नखाने खरवडून बघावा लागतो. रंगावर विसंबलात तर कॅमेरा फसवतो.

माझी खरी भीती वेगळी आहे. २०२० च्या टाळेबंदीत ही साधनं वापरणं भागच होतं. पण 'पडद्यावर होतंय की' म्हणून बसभाड्याचा खर्च कापणं फार सोपं आहे, आणि एकदा कापलेला खर्च परत मंजूर करून घेताना काय होतं ते मी पाहिलंय.

घाटपायथा:
सर, मी कुबड्या घेऊन चालते. घाटात रस्त्याकडेच्या कटिंगपर्यंत पोचते, त्यापुढे नाही. बाकीचे वर जाऊन येतात आणि मी त्यांच्या वहीतून उतरवते. एका घाटातल्या कड्याचं मॉडेल मिळालं तेव्हा पहिल्यांदा मी काहीतरी शोधलं. प्रवाहाच्या तळाशी बारीक नळ्यांसारख्या पोकळ्या असतात, त्या एकाच बाजूला झुकलेल्या दिसल्या. लाव्हा त्या दिशेने वाहिला असणार! वर गेलेल्या कुणाच्याच वहीत ते नव्हतं.

पण मॉडेलवर मोजपट्टी नव्हती. थर दोन मीटरचा की वीस मीटरचा, काही कळेना. आणि फाइल इतकी जड की गावी गेल्यावर फोनवर उघडलीच नाही. कमी आकाराची प्रत आधी उतरवून घेता आली पाहिजे.

धागाकर्ती:
मोजपट्टी आणि उत्तर दिशा तर हवीतच. सर, हातोडीचं म्हणाल तर लोणार अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय दगड फोडता येतच नाही. मग मॉडेलमधल्या एखाद्या जागेवर बोट ठेवलं की तिथल्याच दगडाच्या पातळ कापाचा सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो उघडावा. हे मला प्रत्यक्ष कड्यासमोर उभं राहूनही मिळत नाही.

फील्डवाले सर:
पातळ कापाचं पटलं. विभागातल्या पेटीतले हातात धरायचे नमुनेही त्याच जागांशी जोडावेत, म्हणजे मुलं पडद्यावर बघताना दगडाचं वजन तरी अनुभवतील. पण एका मुद्द्यावर मी ठाम आहे. आभासी सफर फील्डच्या दिवसांत मोजायची नाही. मोजली की बस बंद झालीच म्हणून समजा.

घाटपायथा:
मग माझे दिवस कशात मोजणार? गेल्या वर्षी मी बसजवळ चार तास बसले, ते हजेरीत लागले. मॉडेलवर तीन रात्री काम केलं, ते कशातच नाही.

फील्डवाले सर:
तुमचं काम वहीवरून तपासलं जावं, आणि त्याला पूर्ण गुण मिळावेत. त्यासाठी मी विभागात बोलेन. पण ज्यांना चढता येतं त्यांनी चढायलाच हवं, आणि तुम्हालाही कटिंगपर्यंत बसनेच यावं लागतं. ती बस सुटू द्या.

धागाकर्ती:
सर, विभागात बोलाल तेव्हा आम्हा दोघींच्या वह्या सोबत न्या. एक पाट्या वाचून भरलेली, एक पाट्यांशिवाय.